केरबानं सांभाळलेलं चपलीचं झाड

करंजखोल गावात केरबा नावाचा एक भोळा माळी होता. माळी कसला, बाकी सगळीकडून काढून टाकल्यावर जे काम उरलं ते हे. आधी तो दूध डेअरीत होता. तिथं त्याला सांगितलं, "केरबा, कॅनमधलं दूध सांडू देऊ नको." तर गडी सकाळपासून कॅनचं झाकण दाबून बसला. दूध मापायला आलेल्या माणसालाही त्यानं झाकण उघडू दिलं नाही. दूध सांडलं नाही हे खरं. नासलं.

आता लोक म्हणतात, मूर्ख माणसाच्या काही लक्षात राहत नाही. साफ खोटं! केरबाला एकदा सांगितलेलं जन्मभर लक्षात राहायचं. "ध्यानात ठेवलं," म्हणायचा आणि खरोखर ठेवायचा. तेच तर दुखणं होतं.

शेवटी नर्सबाईंनी त्याला ठेवून घेतलं. नर्सबाई म्हणजे विमलबाई पन्हाळकर. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात बाळंतपणं केली, रिटायर झाल्या, आणि अंगणात हिरवी जाळी बांधून झाडं लावत बसल्या. त्या जाळीखाली एका कुंडीत त्यांचा जीव होता. स्लिपर ऑर्किड. फुलाला पुढं चपलेच्या पुढ्यासारखी पिशवी येते म्हणतात, म्हणून गाव त्याला चपलीचं झाड म्हणायचं. फूल मात्र गावात कुणी पाहिलं नव्हतं, कारण ते नऊ वर्षांत आलंच नव्हतं.

झाड दिलं होतं मेट्रनबाईंनी. मार्थाबाई सातपुते. नर्सबाईंना सुई धरायला शिकवलं ते त्यांनी. नऊ वर्षांपूर्वी आपल्या झाडाचा तीन पानांचा फुटवा मुळासकट काढून दिला आणि म्हणाल्या, "विमल, फूल आलं की कळव. मी बघायला येईन." पुढं त्यांचं स्वतःचं झाड मेलं. त्या चौऱ्याऐंशीच्या झाल्या, कोल्हापुरात भाच्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. घरातली माणसं सकाळी कामाला जायची ती रात्री यायची. मेट्रनबाई दिवसभर भिंतीशी बोलायच्या. आणि आता त्यांची नजर चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वर्षभर दिसेल, पुढचं देवाला ठाऊक.

आणि अशात त्या झाडाला कळी आली.

नर्सबाईंनी लगेच फोन लावला. मेट्रनबाई म्हणाल्या, "पुढच्याच्या पुढच्या शुक्रवारी येते." नर्सबाईंनी केरबाला बोलावलं आणि कुंडीसमोर उभं केलं.

"केरबा, नीट ऐक. ही कळी गेली तर मेट्रनबाईंना हे फूल या जन्मात दिसायचं नाही. कळलं?"

"कळलं, बाई."

"कळी धरलेलं, फुलावर आलेलं झाड जागचं हलवायचं नाही."

"ध्यानात ठेवलं."

"ह्याला विहिरीचं पाणी द्यायचं नाही. आपल्या विहिरीच्या पाण्यात चुना फार. ही चहाची किटली बघ, आतून कशी पांढरी झालीय. तसाच थर झाडाच्या मुळावर चढतो. ह्याला त्या पिंपातलं पावसाचं पाणीच द्यायचं."

"बरं."

"पण पावसाच्या पाण्यात काहीच नसतं. कॅल्शियमसुद्धा नसतं. मग पानं लुळी पडतात. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा अंड्याच्या टरफलांची पूड घालायची. चिमूटभर."

केरबानं डोकं खाजवलं. "म्हंजे विहिरीच्या पाण्यात चुना हाय म्हणून ते द्यायचं न्हाई, आन् पावसाच्या पाण्यात चुना न्हाई म्हणून आपुन घालायचा?"

"अगदी बरोबर."

"मग देवानं थेट बरोबर पानीच का पाठवलं न्हाई?"

नर्सबाईंना याचं उत्तर दवाखान्यात कुणी शिकवलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "तू टरफलं घेऊन ये. आणि हे बघ, पावसाचं पाणी मोलाचं आहे. एक थेंब वाया घालवू नको."

केरबा घरी गेला. बायकोच्या, हौसाच्या कोंबड्यांची बारा अंडी टोपलीत होती. ती त्यानं एकेक करून फोडली, आतलं सगळं उकिरड्यावर ओतलं आणि टरफलं धुऊन, पुसून, रुमालात बांधून आणली. पाठोपाठ हौसाही आली, हातात टोपली घेऊन आणि तोंडाचा पट्टा सोडून.

"अरे देवा!" नर्सबाई म्हणाल्या. "केरबा, आतलं आधी खायचं असतं रे! आतलं पोटात घालायचं आणि वरचं टरफल कामाला आणायचं."

"चुकलं, बाई. आतलं पोटात, वरचं कामाला. ध्यानात ठेवलं."

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी कुंडी पाहिली तर आत तळं. वर पाणी तरंगतंय आणि खालून एक थेंब गळत नाही. कुंडीच्या बुडाचं भोक केरबानं चिखलानं लिंपून टाकलं होतं.

"हे काय केलंस?"

"तुम्हीच म्हणाला, येक थेंब वाया घालवू नको. त्या भोकातनं समदं पानी जात हुतं. चोरच हुता तो!"

नर्सबाईंनी चिखल खरवडून काढला. मुळं अजून धड होती. त्यांच्या जिवात जीव आला, तसा त्यांचा आवाज चढला. "मुळाशी पाणी साचलं की मुळं कुजतात! ज्यात पाणी घालतोस त्याला खाली भोक पाहिजेच पाहिजे. भोक नसलं की संपलं!"

"चुकलं, बाई. ज्यात पानी घालायचं त्याला खाली भोक. ध्यानात ठेवलं."

नर्सबाई दुपारी जरा आडव्या झाल्या. उठल्या त्या पाय ओले झाले म्हणून. अंगणातून पाण्याचा ओघळ थेट घरात आला होता. बाहेर केरबा हातात खिळा आणि हातोडा घेऊन घामाघूम उभा. पाण्याचं पिंप, खालून भोक. बादली, खालून भोक. तांब्या, खालून भोक. चहाच्या किटलीलाही त्यानं सोडलं नव्हतं.

"वाचवलं बगा समद्यास्नी," केरबा म्हणाला. "तुमच्या घरात येका भांड्याला भोक नव्हतं."

नर्सबाई ओल्या पायरीवर बसल्या. माघ संपत आला होता. पाऊस आता थेट जूनमध्ये. चार महिने पुरवून वापरायचं पाणी गटारातून वाहून गेलं होतं, विहिरीचं पाणी झाडाला चालत नव्हतं, आणि शुक्रवार नऊ दिवसांवर आला होता. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. केरबानं ते पाहिलं आणि त्यालाही वाईट वाटलं. बिचाऱ्यानं खिळा आणि हातोडा खाली ठेवला.

तेवढ्यात नर्सबाईंना आठवलं, तालुक्याला दस्तगीरचं बॅटरीचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी त्याच्याकडं असतं. डिस्टिल्ड वॉटर. वाफ करून गार केलेलं, पावसाच्या पाण्याइतकं निर्मळ. दस्तगीरच्या दोन्ही पोरींचा जन्म नर्सबाईंच्याच हातचा. त्यांनी त्याला फोन केला. तो म्हणाला, "बाई, पाच लिटरचा कॅन काढून ठेवतो. झाडाला बॅटरीचं पाणी पाजणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय, पण तुम्ही म्हणताय म्हणजे असंल."

नर्सबाईंनी पेढ्यांचं खोकं आणलं. "केरबा, हे दस्तगीरला दे आणि पाण्याचा कॅन घेऊन ये."

केरबा निघाला. वाटेत वडाखाली टेकला. खोक्याकडं बघितलं. आत पेढे, वर खोकं. आतलं पोटात, वरचं कामाला. केरबा सांगितलेलं विसरणारा नव्हता. एकवीस पेढे खाणं सोपं नसतं. शेवटचे चार तर त्यानं केवळ कर्तव्य म्हणून गिळले. मग रिकामं खोकं नीट बंद करून, दोरा बांधून दस्तगीरच्या हातात दिलं.

दस्तगीरनं खोकं उघडलं. आत बघितलं. केरबाकडं बघितलं. "काय रे हे?"

"बाईंनी दिलंय. कामाला येईल."

दस्तगीर भला माणूस. त्यानं पाणी दिलं आणि खोक्यात खिळे ठेवले. म्हणजे कामाला आलंच. पण फोनवर बोलताना हसता हसता त्यानं नर्सबाईंना सगळं सांगितलं.

केरबा ढेकर देत परतला, तर बाई दारातच उभ्या. "लाज वाटत नाही? दुसऱ्यासाठी म्हणून ठेवलेली वस्तू आपण उघडायची नसते! ज्याची त्याच्या हातात पडेपर्यंत ती बंदच्या बंद राहिली पाहिजे!"

"चुकलं, बाई. दुसऱ्याची वस्तू बंदच्या बंद. ध्यानात ठेवलं."

त्यानंतर पाच दिवस सगळं सुरळीत चाललं. केरबा बॅटरीचं पाणी द्यायचा, भोकातून ते गळू द्यायचा, सकाळी बारीक फवारा मारायचा. टरफलाची पूड त्यानं एकदाच घातली, तीही चिमटीत इतकी थोडी, की घातली की नाही हे त्यालाच कळेना. पानं ताठ झाली. कळी फुगली. नर्सबाई म्हणाल्या, "केरबा, आता दोन दिवसांत उघडणार बघ. मेट्रनबाईंसाठीच आलीय ही!"

केरबा थबकला. "कुनासाठी?"

"मेट्रनबाईंसाठी. दुसऱ्या कुणासाठी!"

दोन दिवस गेले. कळी उघडली नाही. तीन दिवस गेले. कळी टम्म फुगलेली, पण तोंड मिटलेलं. नर्सबाईंनी पाणी तपासलं. पूड कमी पडली का, जास्त झाली का, याचा विचार करकरून त्यांचं डोकं पिकलं. बॅटरीच्या पाण्यात काही होतं का म्हणून दस्तगीरला तीनदा फोन केला. चौथ्यांदा त्याच्या बायकोनं उचलला. कळी काही हलेना.

शुक्रवार आला. अकराच्या गाडीनं मेट्रनबाई आल्या. काठीवाणी बारीक, पांढरं पातळ, आणि आवाज अजून वॉर्डात घुमेल असा.

नर्सबाईंनी केरबाला बाजूला घेतलं. "बाई फार नाजूक झाल्यात. मेट्रनबाई म्हणजे माझं हे झाडच समज, आणि झाड म्हणजे मेट्रनबाईच. दोघांत काही फरक करायचा नाही. झाडाची घेतोस तशीच काळजी घ्यायची. मी चहा टाकते, तोवर बघ."

"ध्यानात ठेवलं," केरबा म्हणाला.

चहा घेऊन नर्सबाई बाहेर येतात तर काय! मेट्रनबाईंची खुर्ची हिरव्या जाळीखाली. पाय कुंडीसारखेच दोन विटांवर, खाली पाणी गळायला जागा ठेवून. चेहऱ्यावर बारीक फवाऱ्याचे थेंब. आणि केरबा त्यांच्या पावलांवर चिमूटभर पांढरी पूड टाकतोय.

"केरबा!" नर्सबाई किंचाळल्या.

"असू दे गं," मेट्रनबाई डोळे मिटून म्हणाल्या. "अख्खी नोकरी मी बायकांना कॅल्शियम वाटलं. मला आज पहिल्यांदा कुणीतरी दिलं. आता फूल दाखव."

नर्सबाईंचा चेहरा पडला. "बाई, कसं सांगू? कळी उघडतच नाही हो. माझंच काहीतरी चुकलंय. तुम्ही एवढ्या लांबून आलात आणि..."

मेट्रनबाईंना लांबचं धड दिसत नव्हतं. त्यांनी हात पुढं केला आणि दोन बोटांनी कळी चाचपली. हजारो नाड्या बघितलेली बोटं ती. कळीभोवती ती जरा थांबली.

"विमल, हिला टाका कुणी घातलाय?"

नर्सबाईंनी चष्मा नाकावर सरकवून वाकून बघितलं. कळीला केळीच्या सोपाचा केसासारखा बारीक दोरा गुंडाळलेला होता. हार करताना बांधतात तसा. रंगही कळीसारखाच, म्हणून इतके दिवस दिसला नाही.

"केरबा, हे तू केलंस?"

"व्हय," केरबा छाती काढून म्हणाला. "सोमवारपासनं उघडायला बगत हुती. पर वस्तू मेट्रनबाईंची. मग त्यास्नी मिळंपर्यंत बंदच्या बंद नको?"

मेट्रनबाईंनी नखानं दोरा अलगद सोडवला, जसा टाका काढावा तसा, आणि म्हणाल्या, "खुर्ची पुढं घे माझी."

दुपार कलताना वरची पाकळी सुटली. मग बाजूच्या दोन पाकळ्या हळूहळू लांबल्या. आणि शेवटी ती पिशवी फुगून पुढं आली, गुळगुळीत, तांबूस, नव्या चपलेच्या पुढ्यासारखी. मेट्रनबाई नाक फुलाला लागेल इतक्या जवळ बसून बघत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या.

"विमल, चाळीस वर्षं मी ही झाडं लावली. फूल सकाळी उठून बघायचे, ते उघडलेलंच असायचं. उघडताना आज बघितलं." मग त्या केरबाकडं वळल्या. "तू वेडा आहेस. पण माझ्यासाठी राखून ठेवलंस रे."

त्या दिवशी केरबाला कुणी रागावलं नाही. त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

मेट्रनबाई तीन दिवस राहिल्या. दिवसभर फुलाशेजारी बसायच्या, तालुक्याहून फूल बघायला आलेल्या दस्तगीरच्या पोरींना गोष्टी सांगायच्या, हौसाच्या कोंबड्यांना नावं ठेवायच्या. सोमवारी निघायची वेळ आली. त्या राहते म्हणाल्या नाहीत, आणि नर्सबाईंनाही राहा म्हणायचा धीर झाला नाही. भाचा काय म्हणेल, मेट्रनबाईंना आवडेल का, असे शंभर विचार. दोघी शहाण्या ना!

नेमका तेव्हाच धनगरवाड्यावरून निरोप आला. सून अडलीय, नर्सबाई लगेच चला. नर्सबाईंनी पिशवी उचलली.

"केरबा, बाईंना साडेतीनच्या कोल्हापूरच्या गाडीत बसव. खिडकीजवळची जागा दे. कंडक्टरला सांग, स्टँडवर भाचा उतरवून घ्यायला येणार आहे."

"विमल," मेट्रनबाई हळूच म्हणाल्या, "गाडी येईपर्यंत ते झाड माझ्या मांडीवर राहू दे गं."

"फुलावर आलेलं झाड हलवायचं न्हाई," केरबा म्हणाला.

"आजच्या दिवस चालेल! गाडी आली की बाईंना गाडीत बसव आणि झाड घरी आणून सावलीत ठेव. उलटसुलट करू नको म्हणजे झालं!" असं म्हणून नर्सबाई पळाल्या.

केरबा स्टँडवर विचार करत बसला. फार विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या. मेट्रनबाई शेजारी, मांडीवर कुंडी. मग गाडी आली.

सांजवेळी नर्सबाई परतल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. खुशीतच फाटक उघडलं आणि जागीच उभ्या राहिल्या. हिरव्या जाळीखाली मेट्रनबाई बसल्या होत्या. पाय विटांवर, चेहऱ्यावर फवाऱ्याचे थेंब.

"बाई! गाडी चुकली?"

"छे. गाडी वेळेवर गेली."

"मग झाड कुठाय?"

"गाडीत," मेट्रनबाई म्हणाल्या.

नर्सबाई केरबाकडं वळल्या. केरबा बोटं मोजत म्हणाला, "बाईंना गाडीत बसव, झाड घरी आन, असं तुम्ही म्हणाला. बरं. पर मेट्रनबाई म्हंजे झाड आन् झाड म्हंजे मेट्रनबाई, ह्येबी तुम्हीच सांगितलेलं. म्हणून झाडाला गाडीत बसवलं आन् ह्यास्नी घरी आणलं. खिडकीची जागा दिली. वारं लागंल म्हणून शाल गुंडाळली. कंडक्टर म्हणाला, वय किती? मी म्हणालो, चौऱ्याऐंशी."

नर्सबाईंनी कपाळावर हात मारला. "आणि बाई, तुम्ही? तुम्ही काहीच बोलला नाहीत?"

"मला कुणी विचारलं?" मेट्रनबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, जातंय तर जाऊ दे. फूल मी बघितलंय. आता भाच्यालाही बघू दे."

तेवढ्यात फोन वाजला. भाचाच होता. "नर्सबाई, अहो मावशी कुठाय? खिडकीत शाल पांघरलेली कुंडी आहे! कंडक्टर म्हणतोय, आजींनी वाटेत काही त्रास दिला नाही."

नर्सबाईंना रडावं की हसावं कळेना. त्या कशाबशा म्हणाल्या, "तुमची मावशी इथंच आहे, अगदी सुखरूप. त्या कुंडीला नळाचं पाणी घालू नका. उद्याच्या गाडीनं ती परत पाठवा, मग परवा मी मावशींना स्वतः आणून सोडते."

ते ऐकून केरबा पुढं आला. त्यानं मेट्रनबाईंकडं निरखून बघितलं. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसता हसता गाल तांबूस झाले होते, इतक्या दिवसांत कुणी पाहिले नव्हते असे.

"परवा न्हाई जमायचं, बाई," केरबा ठामपणे म्हणाला.

"का रे?"

"हिकडं बगा की जरा. फुलावर आल्यात. फुलावर आलेलं झाड जागचं हलवायचं न्हाई."